टाइमपास आणि किराणा

तुमच्या ऑफिसात हल्ली लंचला कशावर गप्पा रंगतात? आमच्याकडे सध्या रिटायरमेंटवर! पंचविशी-तिशीतली पोरं, होम लोनचे अजून अठरा वर्षांचे हप्ते शिल्लक, आणि डब्याचं झाकण उघडता उघडता जाहीर करतात, ‘चाळिशीत आपण बाहेर!’ याला ‘फायर’ असं सॉलिड नावसुद्धा आहे. आधी ढोरासारखं कमवा, एसआयपी लावा, आणि चाळिसाव्या वाढदिवसाला बॉसच्या टेबलावर राजीनामा ठेवून गोव्यात कॅफे टाका. प्रत्येकाच्या प्लॅनमध्ये गोवा आणि कॅफे असतोच. एवढे सगळे कॅफे काढून बसल्यावर कॉफी प्यायला कोण येणार, हे मात्र कुणी सांगत नाही.

मग कुणीतरी मला विचारतं, ‘तुझा काय प्लॅन?’ मी सांगते, ‘वॉटर पार्कच्या गेटवर बसणार. फक्त शनिवार-रविवार.’ सगळे खो खो हसतात. पण मी जोक मारत नसते. आमच्या घरातच एक जण ते करतोय, आणि त्यांच्याकडे बघून मला रिटायरमेंटबद्दल जेवढं कळलंय तेवढं कुठल्या फायनान्शिअल प्लॅनरच्या एक्सेल शीटमधून कळलेलं नाही.

तर, आमचे काका. राहणार पैठण. सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, जायकवाडीच्या ऑफिसात कारकून म्हणून गेली. आमच्या घरात जायकवाडीला धरण म्हणत नाहीत, ‘काकांचं ऑफिस’ म्हणतात. लालबहादूर शास्त्रींनी १९६५ मध्ये पायाभरणी केली, इंदिरा गांधींनी १९७६ मध्ये लोकार्पण केलं, २७ दरवाजे, पूर्ण पातळी १५२२ फूट. हे आकडे आम्हा भावंडांना पाढ्यांच्या आधी पाठ झाले. पावसाळ्यात काकांच्या घरी फोन केला की ‘कसे आहात’च्या आधी ‘किती फुटांवर आलंय’ विचारायचं, अशी पद्धत.

काका रिटायर झाले ३१ मे २०२२ ला. आता ही तारीखसुद्धा मजेशीर आहे बरं का. त्या पिढीतल्या अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला असतो. आईबापांना जन्मतारीख आठवायची नाही, गुरुजी शाळेच्या दाखल्यावर १ जून ठोकून द्यायचे. त्यामुळे ३१ मे आला की राज्यभरच्या सरकारी ऑफिसांत शाल, श्रीफळ, पेढे आणि डोळे पुसणं यांचा नुसता सीझन असतो. काकांनाही शाल मिळाली, नाथ महाराजांची तसबीर मिळाली, ‘तुमच्यावाचून ऑफिस सुनं होईल’ असं साहेब म्हणाले. दुसऱ्या दिवशी ऑफिस नेहमीच्या वेळेला सुरू झालं.

पहिले दोन महिने बरे गेले. सकाळी नाथ मंदिर, मग गोदावरीचा घाट, मग पेपर शब्दकोड्यासकट. तिसऱ्या महिन्यात काकांनी स्वयंपाकघरात लक्ष घातलं. डाळीचे डबे मापाप्रमाणे लावले, त्यावर चिठ्ठ्या चिकटवल्या, गॅस सिलिंडर किती दिवस पुरतो याचं रजिस्टर सुरू केलं. काकूनं मला फोन केला. ‘ह्यांना कुठंतरी कामाला लाव बाई. नाहीतर मी जाते कामाला.’

काम लागलं ते शेजारच्या मुलाच्या ओळखीनं. संभाजीनगर-पैठण रस्त्याच्या पट्ट्यात एक छोटं वॉटर पार्क आहे. नाव लिहीत नाही, पुढे वाचलंत की का ते कळेल. मार्चपासून जूनच्या पावसापर्यंत त्यांचा खरा सीझन. त्या दिवसांत शुक्रवार, शनिवार, रविवार गेटवर आणि लॉकरच्या काउंटरवर वयस्कर, भरवशाचा माणूस हवा होता. दिवसाचे साडेचारशे रुपये, दुपारचं जेवण, आणि सीझनला चार फुकट पास. मार्च २०२३ मध्ये काका जॉइन झाले.

काय करतात तिथं? ऐकाल तर थक्क व्हाल. गेटवर भिंतीला एक रंगीत पट्टी आहे, त्यावर जिराफाचं चित्र. तीन फुटांखालचं लेकरू फुकट, साडेचार फुटांपर्यंत हाफ तिकीट, त्यावर फुल. आणि प्रत्येक आईबापाला आपलं पोर त्या दिवशी बुटकं हवं असतं! ‘काका, केसांमुळं उंच दिसतोय हो!’ काका शांतपणे पोराची चप्पल काढायला लावतात, केस दाबतात, आणि सांगतात, ‘चार फूट सात.’ सदतीस वर्षं धरणाची पातळी फुटांत वरच्या ऑफिसला कळवणाऱ्या माणसाला कोण फसवणार!

मग लॉकरच्या किल्ल्या. किल्लीचा रबरी पट्टा मनगटाला बांधायचा असतो, तो लोक हमखास पाण्यात घालवतात. मग नायलॉनच्या कॉस्च्युमवरून रोजची भांडणं. सुती कपड्यांचे धागे सुटून फिल्टरमध्ये अडकतात म्हणून जीन्स आणि साडी घालून पाण्यात उतरता येत नाही, हे काका दिवसातून शंभरदा समजावतात. आणि हरवलेली लेकरं. माइकवरून लेकराच्या शर्टाचा रंग सांगायचा आणि ते रडायचं थांबेपर्यंत त्याला मांडीवर घ्यायचं. काकूचं म्हणणं, स्वतःची दोन पोरं काकांनी एवढा वेळ मांडीवर घेतली नव्हती.

पैठणच्या माणसाला हे तसं नवीन नाही म्हणा. आमच्या लहानपणी धरणाच्या पायथ्याचं संत ज्ञानेश्वर उद्यान म्हणजे आमचं डिस्नेलँडच होतं. म्हैसूरच्या वृंदावन गार्डनच्या धर्तीवर केलेली बाग, संध्याकाळी रंगीत कारंजी, संभाजीनगर, जालना, बीड, नगरहून आलेल्या सहलींच्या गाड्या. काकांकडे पाहुणे यायचे ते नाथांच्या दर्शनाला आणि कारंजी बघायला, दोन्ही एकाच दिवशी. पुढे बागेची रया गेली आणि ती सुधारण्याच्या घोषणा होत राहिल्या. काका तो विषय काढू देत नाहीत. पण गेटवर उभं राहून दुसऱ्याची सुट्टी सुरू होताना बघण्याची हौस त्यांना तिथूनच लागली असणार, असा माझा आपला अंदाज.

आता घरातला ड्रामा. माझा चुलत भाऊ, म्हणजे काकांचा मुलगा, हिंजवडीत मॅनेजर. त्याला ही बातमी काकूच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरून कळली. काका निळी टोपी घालून, गळ्यात आयकार्ड अडकवून जिराफाशेजारी उभे! भावाचा पारा चढला. ‘बाबा, पैसे कमी पडतात का? मी पाठवतो. लोक काय म्हणतील? पोरगा पुण्यात लाखांत कमावतो आणि बाप गेटवर पोरांची उंची मोजतो!’

याच भावानं २०१९ मध्ये प्रोजेक्टसाठी अमेरिकेला गेल्यावर ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डमधून आम्हाला फोटो पाठवला होता. शेजारी पांढऱ्या केसांचे एक आजोबा, छातीवर नावाची पाटी आणि नावाखाली त्यांच्या गावाचं नाव. तिथं कर्मचाऱ्यांना ‘कास्ट मेंबर’ म्हणतात, जणू सगळे नाटकातलेच, आणि पाटीवर गाव लिहायची पद्धत आहे. फ्लोरिडात उन्हासाठी येऊन राहिलेले कितीतरी रिटायर्ड लोक १९७१ मध्ये सुरू झालेल्या त्या पार्कात पार्ट टाइम काम करतात. कुणाला नातवंडांसाठी फुकट प्रवेश हवा असतो, कुणाला दिवसभर घरात टीव्ही नको असतो. भावानं फोटोखाली लिहिलं होतं, ‘सो क्यूट! या वयात काय एनर्जी आहे!’

मी तो फोटो शोधून फॅमिली ग्रुपवर परत टाकला. ऑर्लँडोत क्यूट आणि पैठणला नाक कापलं, हे कसं काय बॉस? भावानं उत्तर दिलं नाही, पण पैसे पाठवण्याची भाषा थांबली. काकांनी मात्र फोटो झूम करून बघितला आणि म्हणाले, ‘पाटीवर गाव लिहितात, हे बेस आहे. आमच्याकडं पण करायला पाहिजे.’

इथवर ही गोष्ट गोड आहे. अशा गोष्टी रविवारच्या पुरवणीत ‘सेकंड इनिंग’ या नावाखाली छापून येतात, हसऱ्या फोटोसकट. पण काकांच्या काउंटरवर दुसरी खुर्ची होती आणि तिच्यावर एक गृहस्थ बसायचे. सगळे त्यांना मामा म्हणायचे.

मामा वाळूजच्या एका कारखान्यात बावीस वर्षं मशीनवर होते. अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर घरी आले. तेही काकांच्याच वयाचे, त्याच गेटवर, तेच साडेचारशे रुपये. दोघांची छान गट्टी जमली होती. डब्यातल्या ठेच्याची देवाणघेवाण, दुपारी लाइन कमी झाली की आळीपाळीनं डुलकी. नाथषष्ठीला काका सुट्टीवर, तर मामा त्यांची ड्यूटी सांभाळणार. बाहेरून बघितलं तर दोन सेम टू सेम निळ्या टोप्या.

जूनच्या शेवटी पाऊस लागला आणि गर्दी ओसरली. मॅनेजर म्हणाला, आता फक्त शनिवार-रविवार, आणि दोघांपैकी एकच. काकांना ठेवतो. काकांचं इंग्रजी बरं, हिशेब चोख, क्यूआर कोडवर आलेले पैसे संध्याकाळी मोबाइलवर टॅली करून देतात. मामांना पुढच्या मार्चला बोलावतो.

काका खुशीत घरी आले. एवढ्या वर्षांच्या कारकुनीत त्यांना कुणी निवडून ठेवलं नव्हतं, प्रमोशनसुद्धा यादीत नंबर आला तेव्हाच झालं. काकूनं मामांच्या बायकोला फोन केला, कारण दोघींचंही फोनवर सूत जमलं होतं. फोन ठेवल्यावर काकू एवढंच म्हणाली,

‘तुमचा टाइमपास आहे. त्यांचा किराणा आहे.’

मामांना पेन्शन किती होती माहितीये? महिना तीन हजारांच्या आसपास. यात कुणी चोरी केली असं नाही, नियमच तसा आहे. खासगी नोकरीतली ईपीएस पेन्शन १९९५ मध्ये सुरू झाली. तिचं गणित सोपं आहे, पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले सत्तर. पण ‘पगार’ म्हणजे तुमचा खरा पगार नव्हे, त्याला मर्यादा आहे. २००१ पासून ती ६,५०० रुपये होती आणि सप्टेंबर २०१४ मध्ये १५,००० झाली. म्हणजे पस्तीस वर्षं १५,००० च्या हिशेबानं भरली, तरी पेन्शन बसते ७,५०० रुपये. त्याच वर्षी किमान पेन्शन ठरली, महिना १,००० रुपये. आणि यात महागाई भत्ता नाही. पहिल्या महिन्यात मिळालेला आकडाच पुढे चालत राहतो.

काकांची पेन्शन जुनी, सरकारी. शेवटच्या पगाराच्या निम्मी, वर महागाई भत्ता. तेही थोडक्यात बचावले म्हणायचे, कारण राज्य सरकारात १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना ती मिळेनाशी झाली. मार्च २०२३ मध्ये राज्यातले कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले होते, आठवतंय? काका त्याच महिन्यात पार्कात जॉइन झाले होते. तेव्हा त्यांनी मामांना मोठ्या हिरिरीनं संप समजावून सांगितला होता म्हणे, आणि मामांनी सगळं ऐकून ‘बरोबर आहे तुमचं’ म्हटलं होतं.

गंमत बघा, म्हणजे गंमत नाहीच ती. काका साडेचारशेत खूश होते, कारण त्यांना साडेचारशेची गरजच नव्हती. तीनशे दिले असते तरी गेले असते. आणि काकांसारखा हुशार माणूस साडेचारशेत मिळतोय म्हटल्यावर मामांनी पाचशे कुठल्या तोंडानं मागायचे? हौशी माणूस बाजारात उतरला की पोटासाठी उतरलेल्याचा भाव पडतो. आपल्याकडेही होतंच की. ‘पोर्टफोलिओसाठी’ फुकट डिझाइन करून देणारी गोड मुलं आणि त्यामुळे रेट कमी करून बसलेला फ्रीलान्सर, ओळखीचं वाटतं ना?

काकांना तेव्हा झोप लागेना. मला फोन केला. ‘मी सोडून देऊ का गं माय?’ मी म्हटलं, काका, सोडलंत तर पुन्हा सिलिंडरचं रजिस्टर सुरू होईल, काकू मला सोडणार नाही. पण प्रश्न खराच होता. ज्याला पेन्शन आहे त्यानं घरी बसावं, हे सांगायला सोपं. मग बसून बसून गुडघे आणि डोकं दोन्ही गंजलं तर? साठीच्या माणसाला काम हवंसं वाटणं ही काही चैन नाही. आणि मामांना काम हवंसं वाटतं का, हे तर कुणी विचारलंच नव्हतं. त्यांना घरी बसायला आवडलंही असतं.

जपाननं या प्रश्नावर एक साधी युक्ती केलीय. तिथं ‘सिल्व्हर’ नावानं ओळखली जाणारी केंद्रं आहेत. १९७५ मध्ये टोकियोत सुरुवात झाली, १९८६ मध्ये त्यांचा कायदा झाला. साठीपुढची माणसं तिथं नाव नोंदवतात आणि केंद्र त्यांना कामं वाटून देतं. बागेची छाटणी, सायकल स्टँड, साफसफाई, असली हलकी कामं. एकाला महिन्याला साधारण दहा दिवस किंवा आठवड्याला वीस तासांच्या आतबाहेर, बस्स. काम कमी आणि माणसं जास्त असतील तर ते वाटून घ्यायचं, एवढाच फंडा. अर्थात त्या दहा दिवसांच्या कमाईत कुणाचं घर चालत नाही, त्यामुळे मामांचा प्रश्न तिथंही पुरता सुटला असता असं मला वाटत नाही.

काकांनी जपानचं काही वाचलेलं नव्हतं. पण सदतीस वर्षं पाणीवाटपाच्या फायली हाताळल्या होत्या. वरच्याला किती, खालच्याला किती आणि टेलला शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत पोचलं का, यावर त्यांची हयात गेली. ते मॅनेजरकडे गेले. म्हणाले, पावसाळ्यात मी येत नाही, मामांना ठेवा. हिशेब टॅली करायला मी त्यांना शिकवतो. मॅनेजर म्हणाला, जमणार नाही त्यांना. काका म्हणाले, बावीस वर्षं मशीनवर मायक्रोमीटर वाचलाय त्यांनी, तुमचा क्यूआर कोड म्हणजे काय! दोन शनिवार स्वतःच्या खर्चानं एसटीनं जाऊन शिकवून आले. त्या एसटीत काकांना फुल तिकीट, कारण ज्येष्ठांची सवलत पासष्टीपासून. काकूला मात्र १७ मार्च २०२३ पासून अर्धं. सोबत आली की ती हे कंडक्टरसमोर मुद्दाम मोठ्यानं बोलते.

मार्च २०२४ ला सीझन उघडला तेव्हा काकांनी आणखी एक गोष्ट केली, आणि ती मला सगळ्यात भारी वाटते. त्यांनी रेट वाढवून मागितला. स्वतःसाठी! ‘साडेपाचशे द्या, नाहीतर येत नाही.’ ज्याला पैशांची गरज नाही त्यालाच असं म्हणता येतं ना. मामांनी म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस आला असता. घासाघीस होऊन पाचशेवर तुटलं, आणि काकांना पाचशे तर मामांना साडेचारशे कसे देणार, म्हणून दोघांनाही पाचशे झाले. मॅनेजर आठवडाभर काकांशी बोलला नाही. म्हणून पार्कचं नाव लिहू नको असं काकांनी बजावलंय. नोकरी करायचीय अजून.

मग मी इकडे ऑफिसात बसून माझं पीएफचं पासबुक उघडलं. तुम्हीही उघडून बघा, लंचमध्ये पाच मिनिटं लागतात. ‘पेन्शन’ असा एक कॉलम असतो. सप्टेंबर २०१४ नंतर ज्यांची पहिली नोकरी लागली आणि ज्यांचं बेसिक सुरुवातीपासूनच १५,००० च्या वर होतं, त्यांना ईपीएसमध्ये घेतच नाहीत. सगळे पैसे पीएफमध्ये जमा होतात आणि पेन्शनच्या कॉलममध्ये भोपळा. माझ्या टीममधल्या नऊ जणांपैकी सात जणांचा भोपळा निघाला. दर महिन्याला तीन हजार मिळवणारे मामा त्या हिशेबात आमच्या पुढे आहेत. आमच्या गोव्याच्या कॅफेवाल्यानं आपला कॉलम दोनदा रिफ्रेश करून पाहिला.

यंदाच्या सीझनला काकांनी फक्त शनिवार घेतलाय, शुक्रवार आणि रविवार मामांचे. रविवारी गर्दी जास्त म्हणून चहापाण्याचे वर पन्नास मिळतात, ते मामांनाच हवेत. काका रविवारी घाटावर जातात, पण बाराच्या सुमारास मामांना एक फोन होतोच, ‘किती गेली आज तिकिटं?’ पूर्वी धरणाची पातळी विचारायचे तसा.

आणि हो, आमचा मॅनेजर भाऊ मे महिन्यात फॅमिली घेऊन पार्कात जातोय. काकांचे फुकट पास आहेतच, पण सूनबाईची आई आणि बहीण धरून माणसं सहा होतात. भावाची मुलगी नेमकी तीन फुटांच्या आसपास आहे. तिची उंची घरातल्या दारावर पेन्सिलनं दोनदा मोजून झालीय आणि दोन्ही वेळेला वेगळी आलीय. भावानं विचारलं, ‘बाबा, शनिवारी येऊ ना, तुम्ही गेटवर असाल?’

काका म्हणाले, ‘रविवारी या. मामा मोजतील. नातीचं माप माझ्याकडून बरोबर निघायचं नाही.’